लायल वेदरबीच्या एक गाव पुढे

टोलिडोच्या थिएटरात हेस्टर प्रॉसर मागच्या दाराने शिरली तेव्हा तिचा खेळ ऐन रंगात आला होता, आणि तो दुसरीच कोणीतरी करत होती.

स्क्रँटनला बापाला पुरून ती थेट गाडीने आली होती. अंगात काळा झगा, बुटांना कबरस्तानातली माती तशीच. पडद्याच्या कडेला उभं राहून तिने पाहिलं. घागरा तिचा, धुण्याची बुट्टी तिची, ज्यातून ती सूर काढायची तो शेगडीचा पत्र्याचा पाइपही तिचाच. आणि या सगळ्यात विशीतली एक गोरटेली पोर. समोर प्रोफेसरच्या लांब कोटात लायल वेदरबी, हेस्टरचा रंगमंचावरचा जोडीदार.

"बाई, सूर कुठे लागतो, ठाऊक आहे का?" लायलने भारदस्त आवाजात विचारलं.

"कॉलरला लागला असेल तर निघतो, साहेब," पोर म्हणाली. "बाहीला लागला असेल तर मात्र घासावा लागेल."

लोक हसले. त्या वाक्याआधी किती थांबायचं हे पोरीला कळत नव्हतं, ती घाई करत होती, तरी हसले. हेस्टरच्या जिव्हारी लागलं ते हेच. वाक्य इतकं पक्कं होतं की कोणाच्याही तोंडून चाललं असतं. पिट्सबर्गच्या एका खानावळीत स्वतःचे मोजे धुताना ते तिला सुचलं होतं.

खेळ संपल्यावर पोर कपडे बदलायला गेली आणि लायल हेस्टरसमोर आला. तू इतक्या लवकर येशील असं वाटलं नव्हतं, म्हणाला. न्यूयॉर्कच्या थिएटरांच्या मोठ्या साखळीचे लोक खेळ बघायला येणार होते, थांबणं शक्य नव्हतं. शिवाय त्यांना चेहरा जरा कोवळा हवा होता. वडील गेलेत तुझे, जरा विश्रांती घे, असंही म्हणाला. तो वाईट बोलत नव्हता. लायल कधीच वाईट बोलत नसे.

"खेळ कोणाचा, लायल?" तिने एवढंच विचारलं.

"खेळ दोघांचा असतो गं, हेट्टी."

तिने पाइपाच्या टोकाला बसवलेली पितळी तोटी उपटून खिशात घातली आणि आली तशी निघून गेली. ती तोटी तिच्या बापाच्या कॉर्नेटची, छोट्या पितळी तुतारीची होती.

एम्रिस प्रॉसर खाणीत उतरायचा आणि रविवारी वेल्श चॅपलच्या बँडमध्ये कॉर्नेट फुंकायचा. कोळशाच्या धुळीने छाती भरली तसं त्याला फुंकणं जमेना; मग तो स्वयंपाकघरात बसून बोटांनी सूर दाखवायचा आणि छोटी हेस्टर फुंकायची. तिच्याकडून सूर चुकला की बाप चिडण्याऐवजी हसायचा, आणि त्याला हसताना खोकला यायचा, म्हणून ती कधी मुद्दाम चुकायची तर कधी मुद्दाम चुकायची नाही. कोणाला कधी हसवायचं आणि कधी आवरायचं, हे ती तिथेच शिकली. पुढे व्हॉडेव्हिलच्या कंपन्यांबरोबर ती गावोगाव फिरू लागली. गाणारे, कसरतवाले, कुत्री नाचवणारे, जादूगार, सगळ्यांनी एकामागून एक आपापला तुकडा करून दाखवायचा, असा तो धंदा. लायल तिला विल्क्स-बॅरला भेटला. देखणा, ताठ, घंटेसारखा खणखणीत आवाज. विनोद त्याला सात जन्मांत सुचला नसता, पण प्रश्न विचारावा तर त्यानेच. प्रश्न विचारून तो असा गंभीरपणे उभा राहायचा की उत्तराला आपोआप धार यायची. हे ती शत्रुत्वाच्या काळातही नाकारत नसे.

'प्रोफेसर आणि धोबीण' हा खेळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या सुरापर्यंत तिने रचला होता. टोलिडोनंतर तो खेळ न्यूयॉर्कला गेला, गाजला, आणि हेस्टरला मोठ्या थिएटरांची दारं बंद झाली. का, ते तिला शिकागोच्या सॉल फायनगोल्डने सांगितलं. सॉल छोट्या थिएटरांचा दलाल होता, सतत लोणच्याची काकडी चघळत बसलेला.

"तू पितेस म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"वेदरबी. फार हळहळून सांगतो बिचारा. दोनदा तर रंगमंचावरून उचलून न्यावं लागलं म्हणे तुला."

हेस्टर ज्या चॅपलमध्ये वाढली तिथे बिअरचा वाससुद्धा पाप होता. तिने उभ्या जन्मात घोट घेतला नव्हता. तिने सॉलच्या टेबलावरचं धंद्याचं साप्ताहिक ओढून घेतलं. पुढच्या महिन्यात कोणता कलाकार कोणत्या गावी, ते त्यात छापून येत असे. लायलच्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा पुढच्या सोमवारी फोर्ट वेनला आहे. मला तिथे या सोमवारी उभं कर."

"त्या थिएटरात तुला कोण घेणार?"

"त्या नको. समोरच्या स्वस्तातल्या थिएटरात. आणि नंतरही असंच. तो जिथे जाईल तिथे एक आठवडा आधी."

सॉल चघळायचा थांबला. "आणि जोडीदार?"

"मिळेल एखादा."

जोडीदार तिला जुन्या बाजारात मिळाला. कोट टांगायची, पायावर उभी राहणारी उंच लाकडी खुंटी. तिने तिच्यावर लांब काळा कोट चढवला, वर उंच टोपी ठेवली. प्रोफेसरचे प्रश्न ती स्वतःच लायलच्या त्या भारदस्त आवाजात विचारायची, मग धोबीण होऊन उत्तर द्यायची. खुंटी जागची हलायची नाही, आणि लोकांना ती लायलइतकीच विद्वान वाटायची.

फोर्ट वेनचे लोक आठवडाभर हसले. पुढच्या सोमवारी रस्त्यापलीकडच्या मोठ्या थिएटरात पडदा वर गेला, लांब कोटातला लायल दिसला, आणि वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, खुंटी बोलायला लागली." पुढचं एक वाक्य धड गेलं नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर गॅलरीच देऊन टाकत होती. हे सगळं तिला तिथल्या पियानोवाल्याने कळवलं तेव्हा हेस्टर पुढच्या गावी पोचून बीन्स खात बसली होती. तिने ताटली पुसून खाल्ली आणि आणखी मागून घेतले.

असं एका गावी झालं असतं तर कोणी विसरलंही असतं. हेस्टरने ते वर्षानुवर्षं केलं. छोट्या थिएटरांचे मालक खूश होते, मोठ्या शेजाऱ्याची फजिती त्यांना फुकटात बघायला मिळत होती. लायलने वाक्यं बदलून पाहिली, पण त्याला नवीन सुचणार कुठून? तो इकडचं तिकडचं उचलायचा. मग हेस्टर ते कोणाचं उचललेलं आहे तेही खुंटीच्या तोंडून सांगायची. "हा विनोद मी स्वतः रचला," खुंटी म्हणायची, आणि धोबीण विचारायची, "कोणाच्या खिशात हात घालून, साहेब?"

ईरीला एका दुपारच्या खेळानंतर डोव्ही मागच्या गावाहून गाडीने तिच्या खोलीशी आली. तीच ती गोरटेली पोर, आता जरा भरलेली. दारातच थबकली.

"तुम्ही हेट्टी प्रॉसर ना?"

"हो."

"पण तुम्ही तर वारलात."

हेस्टर चेहऱ्याचा रंग पुसत होती. तिने आरशातूनच विचारलं, "कधी गं?"

"मी खेळात आले त्याच वर्षी. न्यूमोनियाने. लायल दर वसंतात तुमच्या थडग्यावर फुलं ठेवायला जातो. दोन दिवस जातो." डोव्ही बोलता बोलता स्वतःच ऐकू लागली. "आणि फोर्ट वेनपासून आमच्यापुढे जी बाई फिरते, ती कोणी नक्कल करणारी आहे म्हणाला. मेलेल्या बाईची नक्कल करते, लाज नाही, म्हणाला."

"बस," हेस्टर म्हणाली आणि खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. तिने पोरीला चहा दिला. टोलिडोची सगळी हकिगत सांगितली, कबरस्तानाच्या मातीसकट. तिला पोरीची दया येत होती, हे खरं. पण कुठलं वाक्य कुठे टाकलं म्हणजे जास्त लागेल याचा हिशेबही तिचं डोकं करत होतं, हेही तितकंच खरं. शेवटी ती म्हणाली, "कॉलरचं ते वाक्य आहे ना, त्याच्याआधी थांबत जा. तू घाई करतेस. तुझ्यात आहे, पण त्याने तुला शिकवलं नाही, कारण त्यालाच माहीत नाही."

डोव्ही रडली, नाक पुसलं, आणि आठवड्याच्या मध्येच लायलला सोडून बफेलोला गेली. तिथे एका दातांच्या डॉक्टरशी तिचं लग्न झालं. लायलला त्या दिवशी रंगमंचावर एकट्याने उभं राहावं लागलं. खुंटीसारखं.

या सुडाची किंमत हेस्टरने मोजली नाही असं नाही. ॲक्सेल लुंडग्रेन नावाचा एक स्वीडिश माणूस होता. त्याची टेरिअर जातीची कुत्री शिडीवर चढायची आणि छत्र्या घेऊन उतरायची. तो शांत होता, भाकरी स्वतः भाजायचा, आणि हेस्टर कॉर्नेट वाजवू लागली की कुत्र्यांसकट ऐकत बसायचा. त्याला पश्चिमेचा दौरा मिळाला, पार समुद्रापर्यंतचा, आणि तिच्यासाठीही जागा होती. चल, लग्न करू, म्हणाला.

"पश्चिमेला लायल जात नाही," हेस्टर म्हणाली.

"पण मी जातोय ना."

तिने साप्ताहिकाचं पान उलटलं. ॲक्सेलने आपली कुत्री गोळा केली. "त्याच्याशीच लग्न केलंयस तू," तो रागावून नाही, नीट विचार करून म्हणाला, आणि गेला. पुढे त्याने तारेवर चालणाऱ्या एका बाईशी संसार केला. हेस्टरला कधी कधी त्या भाकरीचा वास आठवायचा. मग ती साप्ताहिक उघडून लायलचं पुढचं गाव शोधायची.

युद्ध आलं, गेलं. थिएटरांत सिनेमाचे पडदे लागले. लायल मोठ्या थिएटरांतून मधल्यांत, मधल्यांतून छोट्यांत उतरत आला, आणि एके वर्षी हेस्टरच्या ध्यानात आलं की आता त्याच्या पुढे जाण्यात अर्थच उरला नाही; तो तिच्याच थिएटरांत, तिच्याच खानावळींत येऊन पोचला होता. खरं म्हणजे तिने तेव्हा समाधान मानायला हवं होतं. पण तो पडला तो सिनेमामुळे की तिच्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्याने कधी कबूल केलं नव्हतं. अजूनही लोकांना तो सांगायचा की त्याची पहिली जोडीदार बाटलीपायी गेली.

मंदीच्या दिवसांत क्लीव्हलँडला बेकार कलाकारांच्या मदतीसाठी रविवारी दुपारी एक कार्यक्रम ठरला. ठरवणाऱ्यांना जुनी जोडी पुन्हा एकत्र उभी करायची होती. लायलने हो म्हटलं, कारण त्याच्याकडे नाही म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. हेस्टरनेही हो म्हटलं, आणि इतकं पटकन की विचारणारा गोंधळला.

पडदा वर गेला. बुट्टी घेऊन ती आली. लायल म्हातारा दिसत होता, पण कोट इस्त्रीचा होता आणि आवाज तसाच होता.

"बाई, सूर कुठे लागतो, ठाऊक आहे का?"

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. बोलली नाही.

त्याने प्रश्न पुन्हा विचारला. ती बुट्टीवर बसली, घागऱ्याच्या खिशातलं सफरचंद काढलं, एक घास घेतला, आणि त्याच्याकडे बघत राहिली. दोन माणसांच्या खेळात याहून क्रूर काही नाही. लायलला तिसरं काही सुचेना. कपाळावर घाम आला. शेवटी त्याने उत्तरही स्वतःच दिलं, बायकी आवाजात, आणि सगळं थिएटर हसून कोसळलं. हेस्टरला तो उघडा पडलेला बघायचा होता; लोकांना वाटलं, हाच खेळ आहे. आयुष्यात एवढा हशा दोघांनाही मिळाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सॉल फायनगोल्ड, आता टकला आणि काठी टेकत चालणारा, दौरा घेऊन आला. सिनेमाच्या दोन खेळांमध्ये या जोडीने उभं राहायचं. तिने अट एकच घातली: तालीम नाही. आपण केव्हा बोलायचं, बोलायचं की नाही, हे तिचं ती ठरवणार. लायलने मान हलवली.

मग ती त्याला गावोगाव तसंच उभं करत गेली. कुठे सफरचंद, कुठे मोज्याची शिवण, कुठे चक्क डुलकी. खाली खानावळीत तो तिच्या टेबलाशी येऊन जेवता जेवता विचारायचा, "आज तरी बोलशील?"

"बघू."

व्हीलिंगला मात्र उलटलं. ती अशीच गप्प बसली होती, लायल घामाघूम झाला होता, आणि त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं: "हा खेळ हिचा आहे. मी चोरला."

हेस्टरचे कान सुन्न झाले. इतकी वर्षं ती ज्यासाठी झुरली ते भर लोकांत, दिवसाढवळ्या, मोठ्या आवाजात बोललं गेलं होतं. आणि लोक पोट धरून हसत होते. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सुटायला जागा नाही म्हणून थाप मारतोय.

लायलनेही तो हशा ऐकला. त्याने डोळे बारीक केले, आणि दुसऱ्या खेळात त्याच जागी, त्याच आवाजात तेच वाक्य बोलला. तिसऱ्यात छातीवर हात ठेवून. एका आठवड्यात त्याने कबुलीचा विनोद करून टाकला, आणि तोही हेस्टरच्या मौनावर उभा केलेला. टोलिडोला खेळ नेला होता, आता त्याचा पश्चात्तापसुद्धा त्याने कमाईला लावला. हेस्टर रोज समोर बसून ऐकत होती. तिचं जेवण तुटलं.

तिने वाट पाहिली ती स्क्रँटनची. तिथल्या थिएटरात दुपारच्या खेळाला तिचा भाऊ इड्रिस खाणीतून सुटून, तोंड धुऊन, चॅपलच्या मंडळींना घेऊन पुढच्या रांगांत बसला होता. बापाला खांदा देणारे त्यांत होते.

खेळ सुरू झाला. प्रश्न झाला, मौन झालं, घाम झाला. लायलने छातीवर हात ठेवला. "हा खेळ हिचा आहे. मी चोरला."

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. मग उठून त्याच्याजवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पुन्हा म्हण."

हे खेळात नव्हतं. लायल हसून पुन्हा म्हणाला. लोकही पुन्हा हसले, आधीहून जास्त.

"पुन्हा."

कोणता विनोद कितव्या वेळी दमतो, हे हेस्टरइतकं त्या धंद्यात कोणालाच कळत नव्हतं. तिने त्याला म्हणायला लावलं, आणि हशा पातळ होत गेला. पुन्हा म्हणायला लावलं. आता मागच्या रांगांतले दोनचार हसले, तेही चाचरत. लायलने प्रेक्षकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या लक्षात आलं होतं.

"हेट्टी, पुरे," तो हळूच म्हणाला.

"कधी चोरलास ते सांग."

थिएटरात कोणी खोकलंही नाही. लायलचा प्रोफेसरचा आवाज गळून पडला. जो उरला तो विल्क्स-बॅरच्या एका साध्या माणसाचा होता.

"टोलिडोला," तो म्हणाला. "ती वडिलांना पुरायला गेली होती तेव्हा."

"आणि दारू?"

"ती कधीच प्यायली नाही. मी सांगितलं तसं. सगळ्यांना."

पुढच्या रांगेतून चॅपलच्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "खरं बोलतोय का गं हा?" आणि ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. हेस्टरने ती शांतता पुरती ऐकून घेतली, एखाद्या गवयाने शेवटचा सूर विरेपर्यंत कान द्यावा तशी. मग बुट्टी उचलली आणि आत गेली.

थिएटरच्या मालकाने संध्याकाळच्या खेळाआधी दोघांना काढून टाकलं. लोक हसायला येतात, साक्षीला नाही, म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मागच्या दाराशी लायल पेटीवर बसला होता, कोट मांडीवर. "झालं तुझं समाधान?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"हो," हेस्टर म्हणाली.

तिला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल, किंवा सगळं रितं वाटेल. तसलं काही झालं नाही. तिला सपाटून भूक लागली होती. इड्रिसच्या बायकोने मटण आणि लीक नावाच्या कांदापातीचा रस्सा केला होता. तिने तीन वाडगे खाल्ले आणि टेबलाशीच झोपली.

त्यानंतरही ती बरीच वर्षं उभी राहिली. शेतकऱ्यांच्या सभागृहांत, चर्चच्या जत्रांत, दुसऱ्या युद्धात सैनिकांच्या छावण्यांत. स्क्रँटनच्या रेडिओवर शनिवारी सकाळी ती कॉर्नेट वाजवायची आणि मधेमधे बोलायची. लायल न्यू जर्सीतल्या म्हाताऱ्या कलाकारांच्या आश्रमात राहिला. तिथे तो नव्या येणाऱ्याला सांगायचा की मी हेट्टी प्रॉसरचा जोडीदार होतो, आणि तिच्यासारखी दुसरी झाली नाही. हे हेस्टरच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "आता खरं बोलायला लागला, फुकट असतं तेव्हा."

तो गेल्याचा फोन बफेलोहून डोव्हीने केला. पुरायचं शुक्रवारी आहे, म्हणाली. मी जातेय, तुम्हालाही वाटेत गाडीत घेईन. झालं गेलं ते जाऊ द्या, इतकी वर्षं झाली. हेस्टरने सगळं ऐकून घेतलं, तिच्या नवऱ्याची, नातवंडांची चौकशी केली.

"मी त्याला माफ केलेलं नाही, डोव्ही," ती म्हणाली, "आणि मेल्यावर माफ करावं असं त्याने नवीन काही केलेलं नाही."

शुक्रवारी तिचा बिंगहॅम्टनला दुपारचा खेळ होता. ती तिथे गेली. थिएटर अर्धंच भरलं होतं, पण लोक चांगले होते, लवकर हसणारे.